ध्रुव आणि अगस्त्य, एकाच उंचीवर

फेब्रुवारीच्या मध्यावर, चंद्र नसलेल्या एखाद्या रात्री नऊच्या सुमारास श्रीगोंदा तालुक्यातल्या उघड्या माळावर उत्तरेकडे तोंड करून उभे राहा. हात ताठ लांबवा, मूठ वळा आणि तिची खालची कड क्षितिजाला टेकवा. तिच्यावर दुसऱ्या हाताची मूठ ठेवा. दुसऱ्या मुठीच्या वरच्या कडेपाशी, किंचित खाली, एक मध्यम तेजाचा एकटा तारा दिसेल. तो ध्रुव. आता पाठ फिरवा, दक्षिणेकडे पाहा आणि पुन्हा मुठीवर मूठ ठेवा. तेवढ्याच उंचीवर एक ठळक, पांढरा, जरासा थरथरणारा तारा आहे. तो अगस्त्य. व्याधानंतर रात्रीच्या आकाशातला हाच सर्वांत तेजस्वी तारा.

लांब केलेल्या हाताची मूठ आकाशात साधारण दहा अंश झाकते, म्हणजे दोन मुठींचे वीस अंश. श्रीगोंद्याचा अक्षांश सुमारे १८ अंश ३७ कला आहे. कुठल्याही गावात ध्रुवबिंदूची क्षितिजापासूनची उंची त्या गावाच्या अक्षांशाएवढी असते, त्यामुळे इथे ती साडेअठरा अंशांहून थोडी जास्त भरते. अगस्त्य खगोलीय विषुववृत्ताच्या दक्षिणेला ५२ अंश ४२ कलांवर आहे. नव्वदातून श्रीगोंद्याचा अक्षांश आणि हे ५२ अंश ४२ कला वजा केले की अगस्त्याची जास्तीत जास्त उंची मिळते, आणि तीही साडेअठराच्या किंचित पुढेच येते. दोन्ही आकडे अगदी काटेकोर सारखे होतात ते १८ अंश ३९ कला या अक्षांशावर. ही रेषा श्रीगोंदा गावाच्या उत्तरेला तीन-चार किलोमीटरवरून जाते. ध्रुवतारा ध्रुवबिंदूपासून पाऊण अंशाहून थोडा कमी बाजूला असतो आणि त्याच्याभोवती फिरतो, म्हणून मिनिटा-मिनिटाचा हिशेब लावायचा नाही. उघड्या डोळ्यांना मात्र हा समतोल स्वच्छ कळतो.

हीच रेषा अलिबाग आणि पिंपरी-चिंचवड यांच्याजवळूनही जाते. भूमितीच्या हिशेबाने तिथेही हे दोन तारे असेच समोरासमोर उभे असतात. पण पिंपरी-चिंचवडमध्ये रात्री नऊ वाजता क्षितिजापासून दोन मुठींपर्यंतचे आकाश बहुधा शिल्लकच राहिलेले नसते.

श्रीगोंद्याच्या आकाशाचे मोल या पहिल्या वीस अंशांत आहे असे माझे ठाम मत आहे. डोक्यावरचे तारे सगळ्या महाराष्ट्राला मिळतात, आणि शहरातही थोडेफार दिसतात. दक्षिणेचे खाली टेकलेले तारे मिळायला दोन गोष्टी जुळाव्या लागतात. गाव पुरेसे दक्षिणेला हवे आणि क्षितिज उघडे, अंधारे हवे. पहिली गोष्ट भूगोलाने देऊन ठेवली आहे. दुसरी आपल्या हातात आहे, आणि आपण ती हातची घालवत चाललो आहोत.

खालच्या ताऱ्याची अडचण अशी. डोक्यावरच्या ताऱ्याचा प्रकाश हवेचा एक थर ओलांडून येतो. साडेअठरा अंशांवरच्या ताऱ्याच्या प्रकाशाला त्याच्या तिपटीहून जास्त हवा कापावी लागते, आणि आठ अंशांवरच्या ताऱ्याला जवळजवळ सातपट. धूळ, धूर, बाष्प हे सगळे वाटेत आडवे येते. स्वच्छ हवेतही अगस्त्याचे तेज यामुळे निम्म्यावर येते. त्यात शहराच्या उजेडाचा घुमट असतो तो क्षितिजालगतच. दिव्यांचा वर गेलेला प्रकाश हवेतल्या कणांवरून विखुरतो आणि शहराच्या दिशेला पिवळट-पांढरी कमान उभी राहते. निळसर पांढऱ्या एलईडीचा प्रकाश तर अधिकच विखुरतो. म्हणजे जे तारे आधीच फिके झालेले असतात, त्यांच्यावरच हा उजेड आधी चढतो.

श्रीगोंदा तालुक्यातली या कामाला सर्वांत चांगली जागा म्हणजे विसापूरचा तलाव. हंगा नदीवरचे हे मातीचे धरण १९२७ साली पुरे झाले. दौंड-मनमाड रेल्वेमार्गावर विसापूर नावाचे स्टेशन आहे. अहिल्यानगरहून इथे यायला रस्त्याने तासभर, पुण्याहून अडीच-तीन तास. संध्याकाळी निघून मध्यरात्रीनंतर परतता येईल इतके हे जवळ आहे. तलावाच्या उत्तरेच्या काठाला उभे राहिले की दक्षिणेला झाड नाही, इमारत नाही, डोंगर नाही, फक्त पाणी आणि त्यापलीकडे सपाट कड. वाऱ्याने पाणी हलत नसेल तर व्याध आणि अगस्त्य दोघांचीही प्रतिबिंबे त्यात उतरतात.

अडचणीही सांगितल्या पाहिजेत. विसापूरच्या बरोबर दक्षिणेला, त्याच रेल्वेमार्गावर दौंड आहे, आणि त्यापुढे बारामती. दोन्हींचा उजेड पाण्यापलीकडे कळतो. वायव्येला सुप्याची औद्योगिक वसाहत, पश्चिमेला शिरूर-रांजणगाव, ईशान्येला अहिल्यानगर शहर. आग्नेयेचा कोपरा त्यातल्या त्यात काळा. ऊस गाळपाच्या हंगामात कारखान्यांचे दिवे आणि धूर, शिवाय पाचट पेटवल्याचा धूर असतो. हिवाळ्याच्या रात्री जमिनीलगतची हवा गार होऊन खालीच बसते आणि हा धूर तिथेच कोंडतो. पाण्याजवळ दव जास्त पडते. दुर्बिणीचे भिंग मध्यरात्रीपर्यंत ओले होते, आणि डिसेंबर-जानेवारीत पहाटे पाण्यावर धुके उभे राहते. तरी इथे बसावे, कारण उघडी दक्षिण दुसरीकडे इतक्या सहज सापडत नाही.

आकाशदर्शनासाठी उंच जागी जावे असे म्हणतात, आणि श्रीगोंदा दख्खनच्या पठारावर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे. पण या उंचीचा फायदा वाढवून सांगू नये. इतक्या उंचीवर हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा सहा-सात टक्क्यांनीच कमी असतो. उंचीचा खरा प्रताप पाहायचा तर लडाखमधल्या हानलेला जावे लागते. तिथे भारतीय खगोलभौतिकी संस्थेची वेधशाळा सुमारे ४५०० मीटरवर आहे आणि हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांहूनही कमी. दोन मीटर व्यासाची हिमालयन चंद्र दुर्बीण तिथे आहे, आणि ती बंगळुरूजवळच्या होसकोटेहून चालवली जाते. २०२२ मध्ये हानलेच्या परिसरात देशातले पहिले अंधार-आकाश राखीव क्षेत्र करण्याचे जाहीर झाले. आकाशाच्या काळेपणात श्रीगोंद्याने हानलेशी बरोबरी करायचा विचारही करू नये.

पण हानले ३२ अंश ४७ कला अक्षांशावर आहे. तिथे अगस्त्य क्षितिजापासून जेमतेम साडेचार अंश वर येतो, म्हणजे अर्धी मूठही नाही, आणि चहूकडे डोंगर. त्रिशंकू या दक्षिणेच्या नक्षत्राचा तळचा तारा तिथे कधीच उगवत नाही. भारतातले सर्वांत काळे आकाश ज्या गावावर आहे, त्या गावाला जे तारे मिळत नाहीत ते श्रीगोंद्याच्या शेतकऱ्याला बांधावरून मिळतात. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. आपल्याकडचे आकाश म्हणजे उत्तम आकाशाची फिकी नक्कल, अशी समजूत शहरातल्या हौशी निरीक्षकांत असते. ती खरी नाही.

अठरा-एकोणीस अंशांवरच्या या आकाशाचा अभ्यास इथल्या माणसांनी फार पूर्वीच केलेला आहे. कोकणात मुरूडजवळच्या नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी शके १४४२ मध्ये, म्हणजे इ. स. १५२० मध्ये, ‘ग्रहलाघव’ हा ग्रंथ लिहिला. पंचांग करणाऱ्यांना तो पुढे शतकानुशतके पुरला. त्यात अगस्त्याच्या उदयाचे एक सुटसुटीत गणित आहे. आपल्या गावची पलभा घ्या, तिला आठाने गुणा आणि त्यात ९८ मिळवा. येतील तितक्या अंशांवर सूर्य आला की पहाटे अगस्त्य उगवलेला दिसू लागतो.

पलभा म्हणजे विषुवदिनी, दिवसरात्र सारखी असताना, भर माध्यान्ही बारा अंगुळे उंचीच्या शंकूची पडणारी सावली. तीसुद्धा अक्षांशावरच अवलंबून. श्रीगोंद्याला ती जवळजवळ नेमकी चार अंगुळे येते. हे कुणालाही करून पाहता येईल. बारा एकके उंचीची सरळ काठी ओळंब्यात उभी करा, २१ मार्चला किंवा २३ सप्टेंबरला तिची सर्वांत आखूड सावली मोजा. फक्त घड्याळात बारा वाजता मोजू नका. भारतीय प्रमाणवेळ ८२ अंश ३० कला रेखांशावरची आहे आणि श्रीगोंदा त्याच्या पश्चिमेला जवळपास आठ अंश, त्यामुळे इथला सूर्य सरासरी ३१ मिनिटे मागे असतो. त्यात पृथ्वीच्या कक्षेमुळे काही मिनिटांची भर किंवा घट होते. मार्चमध्ये इथली खरी दुपार बारा वाजून ३८ मिनिटांच्या आसपास होते, सप्टेंबरमध्ये २४ मिनिटांच्या आसपास. सावली काठीच्या एक तृतीयांश भरेल.

आता गणेश दैवज्ञांचा हिशेब लावा. चार आठे बत्तीस, त्यात ९८, झाले १३०. पंचांगातल्या निरयन मोजणीने १३० अंश म्हणजे सिंहेचे दहा अंश, आणि तेव्हा सूर्य मघा नक्षत्राच्या शेवटच्या भागात असतो. सध्याच्या कॅलेंडरात ही तारीख ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात येते. त्या सुमारास पहाटे, सूर्योदयाच्या तासभर आधी, आग्नेयेला क्षितिजालगत ढग फाटलेले असतील तर अगस्त्य दिसतो. पाचशे वर्षांपूर्वी कोकणात बसून केलेला हा ठोकताळा आजही पठारावर चालतो, कारण त्यात गावागणिक बदलणारी एकच गोष्ट आहे, आणि ती कुणीही काठीने मोजू शकतो. अगस्त्य उगवला की गढूळ पाणी निवळते, असे संस्कृत काव्यांत पुन्हा पुन्हा येते. विसापूरच्या तलावात हंगेचे पाणी त्याच सुमाराला येत असते, पण इथे ते निवळायला भाद्रपद उलटावा लागतो.

मघा म्हटले की इथल्या माणसाला तारा आठवत नाही, पाऊस आठवतो. वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या अवर्षणप्रवण तालुक्यात मृग, आर्द्रा, पुष्य, मघा, उत्तरा, हत्ती ही नावे पेरणी-काढणीच्या बोलण्यातली आहेत. ज्या नक्षत्राचा पाऊस पडत असतो ते नक्षत्र त्या दिवसांत दिसू शकत नाही, कारण सूर्यच तिथे असतो. सात-आठ जूनला ‘मृग निघाला’ म्हणतात तेव्हा मृगाचे तारे सूर्याच्या उजेडात बुडालेले असतात. तेच मृग डिसेंबरात मध्यरात्री डोक्यावर असते, पिकाला पाणी द्यायच्या दिवसांत.

आणि पाणी इथे रात्री द्यावे लागते. शेतीपंपांची वीज पाळीने येते, एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात थंडीवाऱ्यात उसाला, कांद्याला, लिंबोणीच्या बागेला पाणी धरायला माणसे रानात असतात, वीज गेली की बांधावर बसून राहतात. उसात बिबट्याची भीती असते. ही हौस नव्हे, हे कष्ट आहेत, आणि दिवसा पूर्ण दाबाने वीज मिळावी ही मागणी रास्तच आहे. पण मोटेच्या काळापासून रानातल्या माणसाला वेळ आकाशावरूनच कळत आली. मृगाच्या पोटातले तीन तारे म्हणजे तिकांडं. ते खगोलीय विषुववृत्तावर असल्याने जवळजवळ नेमके पूर्वेला उगवते, नेमके पश्चिमेला मावळते आणि बारा तास वर राहते. ‘तिकांडं कललं’ म्हणणाऱ्याला रात्र किती उरली ते कळते, आणि शुक्राची चांदणी वर आली की बैल जुंपायची वेळ झाली हेही. या ज्ञानाची नोंद पुस्तकांत फार थोडी झाली आहे. जुनी माणसे आहेत तोवर शाळेतल्या मुलांनी ती करून ठेवावी, एवढी एक विनंती मी या प्रकरणात मध्येच करतो.

पाणथळ जागेत रात्री आपण एकटे नसतो. भीमेच्या खोऱ्यातल्या जलाशयांवर, विशेषतः उजनीच्या फुगवट्यात, हिवाळ्यात चक्रवाक आणि पट्टकदंब येतात. पट्टकदंबांची वीण लडाख, तिबेट, मंगोलियातल्या उंच सरोवरांकाठी होते, म्हणजे हानलेच्याच मुलखात. हिमालय ओलांडताना ते बहुधा रात्री आणि पहाटे उडतात, कारण गार हवा दाट असते आणि पंखांना जास्त आधार देते. ताऱ्यांवरून दिशा ओळखणारे पक्षीही आहेत. अमेरिकेतल्या स्टीफन एमलेन यांनी १९६० च्या दशकात नीळ रंगाच्या एका लहान पक्ष्यावर तारांगणात प्रयोग केले. हे पक्षी आकाश ज्या बिंदूभोवती फिरते तो बिंदू लहानपणी पाहून शिकतात, आणि त्यावरून उत्तर ठरवतात. एमलेन यांनी तारांगणाचे आकाश दुसऱ्याच ताऱ्याभोवती फिरवले तेव्हा त्या पिलांनी त्यालाच उत्तर मानले. रात्रीच्या या पाखरांना त्रास होऊ नये म्हणून काठावर बसताना पाण्याच्या दिशेने बॅटरी मारू नये, गाडीचे दिवे सुरू ठेवू नयेत, गाणी लावू नयेत. झोपलेला थवा एकदा उठला की अंधारात बराच वेळ घिरट्या घालतो, आणि त्यात त्याची शक्ती खर्च होते.

उजेडाचे काय करता येते हे महाराष्ट्रानेच दाखवले आहे. नागपूरजवळच्या पेंच व्याघ्रप्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातले पहिले अंधार-आकाश उद्यान म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. त्यासाठी वाघोडा, सिल्लारी, पिपरिया, खापा या गावांतले शंभराहून अधिक दिवे बदलून प्रकाश जमिनीकडे वळवण्यात आला. गावे अंधारात गेली नाहीत. रस्ता दिसतो, आकाशही दिसते. दिव्याला वरून झाकण, पांढऱ्याऐवजी पिवळसर रंग आणि गरजेपुरतेच तेज, इतकेच ते काम आहे. श्रीगोंद्याच्या गावागावांत चौकाचौकात हायमास्ट उभे राहत आहेत, आणि बऱ्याच दिव्यांची तोंडे आडवी असतात. आडव्या तोंडाचा दिवा वाटसरूच्या डोळ्यांत जातो आणि उरलेला प्रकाश थेट क्षितिजालगतच्या आकाशात, म्हणजे अगस्त्य आणि त्रिशंकू जिथे असतात नेमक्या त्याच पट्ट्यात. पुढचा दिवा बसवताना त्याचे तोंड खाली करायला ग्रामपंचायतीला जास्तीचा पैसाही फारसा लागणार नाही. पुण्यातली ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून लोकांना आकाश दाखवते आहे. अशा संस्थांनी तालुक्याच्या गावी येऊन दोन रात्री अगस्त्य दाखवला, तर दिव्याचे तोंड खाली का करायचे ते वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

जाणार असाल तर अमावास्येच्या आगेमागे चार दिवस धरा. धरणाच्या भिंतीवर रात्री जाऊ नका, काठाची जमीन कुणाची आहे ते विचारून बसा, गावातले कुणी सोबत असू द्या आणि उसाच्या कडेला एकट्याने फिरू नका. बॅटरीवर लाल कागद लावा. अंधाराला डोळे सरावायला वीस मिनिटे ते अर्धा तास लागतो आणि मोबाइलच्या पडद्याने तो सगळा वाया जातो.

पहिली फेरी फेब्रुवारीत, अगस्त्यासाठी. दुसरी मेच्या पहिल्या आठवड्यात, आणि तीही वळवाचा पाऊस पडून गेल्याच्या दुसऱ्या रात्री, कारण उन्हाळ्याची धूळ त्या पावसाशिवाय खाली बसत नाही. रात्री दहाच्या सुमारास दक्षिणेला त्रिशंकू ताठ उभा असतो. त्याचा तळचा तारा क्षितिजापासून सव्वाआठ अंशांवर, शेंड्याचा चौदा अंशांवर, म्हणजे सगळे नक्षत्र दीड मुठीत मावते. त्याच्या डावीकडे नरतुरंग नक्षत्रातले मित्र आणि मित्रक हे तारे. सूर्यानंतर आपल्याला सर्वांत जवळची ताऱ्यांची वस्ती ती मित्राचीच, सव्वाचार-साडेचार प्रकाशवर्षांवरची. दिल्लीत मित्र अर्ध्या अंशाच्या आसपास वर येतो आणि व्यवहारात दिसत नाही. विसापूरच्या काठावरून मात्र तो मध्यरात्रीनंतर पंधरा-वीस मिनिटांनी एका मुठीएवढा वर आलेला असतो. तोवर त्रिशंकू पश्चिमेला कललेला असतो आणि एकच्या सुमारास मावळू लागतो, म्हणून आधी त्रिशंकू पाहून घ्यावा.